भरल्या ताटावरून

"भिंतीच्या बाजूला बसा दोघी," अब्बासभाई म्हणाले. "आणि उठायचं झालं तर मला सांगून उठायचं."

टेबल भिंतीला इतकं लागून होतं की आत सरकताना माझं पोट घासलं. एकदा बसलं की मागे भिंत, पुढे टेबल, डावीकडे कोपरा. उजवीकडे मारिविक. ती मुद्दाम माझ्यामागून सरकली, त्यामुळे वाटेकडची जागा तिला मिळाली. मुद्दाम हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला वाटलं, वाढदिवस तिचा आहे, ऐसपैस बसू दे बिचारीला.

अब्बासभाई दाराजवळच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी गाडीची किल्ली पुढ्यात ठेवली. ते आमच्या मामाचे ड्रायव्हर. मामा म्हणजे घरमालकीण. कुवेतमध्ये कामाच्या बायका मालकिणीला 'मामा' म्हणतात आणि मालकाला 'बाबा'. सुरुवातीला मला फार हसू यायचं, कारण माझे खरे मामा देवगडात आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकायचे आणि त्यांना भरघोस मिशा होत्या. पुढे हसू यायचं थांबलं.

त्या घरात मी स्वयंपाक करायचे, मारिविक मुलांना सांभाळायची. ती फिलिपिन्सची. बाहेरच्या दाराची किल्ली मामाच्या पर्समध्ये असायची आणि पासपोर्ट तिच्या निजायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. माझा, मारिविकचा, आणि अब्बासभाईंचाही. आमचे करार केव्हाच संपले होते. मामा मारायची नाही, ओरडायची नाही. "पुढच्या महिन्यात बघू हं," एवढंच गोड आवाजात म्हणायची. मग रमजान यायचा, मग तिचं बाळंतपण, मग बाळाचे दात. गावाकडे माझी आई वारली तेव्हा मी तिच्यापुढे पदर पसरला. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "कुंदा, तू गेलीस म्हणून ती आता उठून बसणार आहे का?" असं म्हणाली आणि संध्याकाळी माझ्या खोलीत खजुराचा डबा पाठवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मारिविकचं दुःख वेगळं होतं. तिची मुलगी रांगत होती तेव्हा ती इकडे आली. आता ती मुलगी शाळेत जात होती, आजीला 'आई' म्हणत होती, आणि फोनवर हिला 'मावशी'. त्या फोननंतर मारिविक रात्रभर बाळाचे धुतलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी करत बसली होती.  

धाकटं बाळ शाळेत जाईपर्यंत मारिविकनं राहावं असं मामाच्या मनात होतं, म्हणून वाढदिवसाला तिनं विचारलं, "काय हवं तुला?" मारिविक म्हणाली, "आमच्याकडचं जेवण. बाहेर, टेबलाशी बसून. कुंदाला घेऊन." मामाला ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असावं. शुक्रवारी दुपारी ती माहेरी जेवायला जायची. तिनं अब्बासभाईंना बोलावलं आणि आमच्यासमोरच हसत सांगितलं, "नेतोस तसं परत आणायचं. दोघींतली एक जरी कमी भरली तर मी तुला विचारीन." आम्ही दोघी हसलो. अब्बासभाई हसले नाहीत.

तर असे आम्ही जुन्या बाजारातल्या त्या बुटक्या छताच्या खाणावळीत आलो. नर्सा, दुकानातल्या मुली, ड्रायव्हर, सगळी मारिविककडचीच माणसं. आम्ही वाटेतून जाताना प्रत्येक टेबलावरून कुणीतरी मान वर करून म्हणत होतं, "काइन तायो."

"काय म्हणतात ते?" मी विचारलं. मारिविकशी मी हिंदी, इंग्रजी आणि अरबीची खिचडी बोलायचे. इथं मी ते सरळ मराठीतच सांगते.

"या जेवायला, म्हणतात."

"ओळख नसताना?"

"ओळख लागत नाही. समोरून माणूस गेला की म्हणायचं. आणि त्यानं खरंच बसायचं नसतं."

हे मला एकदम पटलं. आमच्याकडेही तोंडानं बोलावतात आणि मनात म्हणतात, येऊ नकोस.

खाणावळीची मालकीण थोराड बांध्याची बाई होती. तिला सगळे आते लूझ म्हणत होते. आते म्हणजे थोरली ताई. काचेच्या कपाटात मांडलेल्या पातेल्यांकडे मारिविक बोट दाखवत गेली आणि आते लूझ वाढत गेली. ताटात केळीचं पान घातलेलं. त्यावर भात, चिंचेच्या आंबट पाण्यात शिजलेला मासा, जवळ्याची खारवलेली चटणी, व्हिनेगरमधली कोंबडी, आणि लांबच लांब शेवया. वाढदिवसाला त्या न तोडता खायच्या, म्हणजे आयुष्य वाढतं.

आणि एक हिरवं काळपट काहीतरी होतं. मी बोटानं चाखलं आणि माझा हात तिथंच राहिला. अळू होतं. नारळाच्या दुधात आटवलेलं, वर सुकी मिरची. गूळ नव्हता, पण आमच्या परसातल्या न्हाणीमागचं अळू होतं ते. आई गेल्यावर मी रडले नव्हते. त्या घासाला माझे डोळे वाहायला लागले आणि मला स्वतःचाच राग आला.

"तिखट आहे?" मारिविकनं विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

ती आपलं ताट भरत होती. भातावर भात, त्यावर मासा, त्यावर शेवया. डोंगर झाला. घरात ती चिमणीएवढं खायची.

"एवढं कोण खाणार? टाकशील तू."

"टाकणारच आहे," ती म्हणाली. चार घास तिनं खाल्ले. मग माझ्याकडे न बघता, शेवया सोडवत सोडवत म्हणाली, "कुंदा, मी आता उठेन. परत येणार नाही."

मला वाटलं, गंमत करते आहे. पण तिच्या ओठावर घाम आला होता.

"मागे हात धुवायची मोरी आहे. तिच्या पलीकडे स्वयंपाकघर, त्याला मागचं दार, दारात गाडी. शेजारच्या टेबलावर चष्मेवाली आहे ना, ती आयरीन. बाळाला टोचायला नेतो त्या दवाखान्यातली नर्स. सगळं तिनं जुळवलंय. आमच्या वकिलातीत आमच्यासारख्या बायकांना ठेवून घेतात. पासपोर्ट नसला तरी कागद करून घरी पाठवतात."

"आणि अब्बासभाई?" मी विचारलं. ते दारातून आमच्याकडेच बघत होते. मी घाईनं एक घास तोंडात कोंबला.

"अब्बास तुमच्याकडचा आहे ना? तूच मला ओरडली होतीस त्या दिवशी. भरलं ताट सोडून माणूस उठत नाही, अन्नाचा अपमान होतो. बघ, माझं ताट भरलेलं आहे. ते भरलेलं दिसतंय तोवर अब्बास म्हणेल, येईल ती."

खरं होतं ते. अब्बासभाई दापोलीकडचे, मी देवगडची. ते मशिदीत जाणारे, मी देवळात. पण भरल्या ताटावरून उठू नये हे दोघांच्याही आयांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. जिनं भाताचा डोंगर वाढून घेतला ती तो तसाच टाकून कायमची निघून जाईल, असं आम्हा दोघांच्या डोक्यात या जन्मी आलं नसतं.

"तूही चल," ती म्हणाली. "दोघी एकदम उठलो तर त्याला कळेल. गाडी मला सोडून परत येणार आहे. तुला तुमच्या वकिलातीत नेईल. आयरीनशी बोलले आहे मी."

"माझ्याच्यानं नाही होणार."

"का?"

काय सांगणार? मला भीती वाटत होती. पोलिसांची, मामाची, गावात लोक काय म्हणतील त्याची, सगळ्याची. इतकी वर्षं मी त्या दाराच्या आत होते की बाहेर गेल्यावर कसं चालायचं हेच मला आठवत नव्हतं.

मारिविकनं आग्रह केला नाही. डाव्या हातानं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. "मग एवढं कर. जेवत राहा. तू जेवते आहेस तोवर तो उठणार नाही."

ती उठली. पर्स खुर्चीवरच ठेवली. उष्टा हात वर धरून अब्बासभाईंच्या टेबलापाशी गेली आणि हिंदीत म्हणाली, मासा तिखट निघाला, तोंडावर पाणी मारून येते. अब्बासभाईंनी तिच्या ताटाकडे पाहिलं.

"जा. लवकर ये. गार होईल."

ती गेली. मोरीच्या पडद्याआड तिची पाठ दिसेनाशी झाली आणि मी एकटी त्या कोपऱ्यात अडकले. खरं तर आता उजवी बाजू मोकळी होती. तरी मला पूर्वीपेक्षा जास्त अडकल्यासारखं वाटत होतं.

मी जेवत राहिले. ज्या अळूनं मघाशी रडवलं ते आता घशाखाली उतरेना. भात फुगत चालला होता. मी घास लहान करत गेले, काटे काढायला वेळ लावत गेले, एका शेवईचं टोक शोधत बसले. जेवणासारखी सुखाची गोष्ट कुणाला शिक्षा म्हणून द्यावी, तशी मी ती भोगत होते. मनात एकच हिशेब चालला होता. गाडी बाजाराबाहेर पडली असेल का? मोठ्या रस्त्याला लागली असेल का?

आते लूझनं तळलेला मासा आणि भात अब्बासभाईंपुढे नेऊन ठेवला. नको नको म्हणत ते जेवायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी तिथूनच विचारलं, "ती खयं राहिली गो बाय?"

"पोट बिघडला असात तिचा," मी म्हटलं.

"ताट तसंच हाय."

"होय तर."

"मग येईल," ते म्हणाले आणि माशाचा काटा काढायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर आयरीननं एक विचित्र गोष्ट केली. जेवता जेवता तिनं आपलं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच गोल फिरवलं. पुन्हा जेवायला लागली. तिच्या समोरच्या मुलीनं पाहिलं, एकदा मोरीकडे पाहिलं, आणि तिनंही फिरवलं. मग तिसरीनं. मग पलीकडच्या टेबलावरच्या दोन ड्रायव्हरांनी.  गप्पा तशाच चालू होत्या, पण एकामागून एका टेबलावर ताटं फिरत चालली होती. मला वाटलं, मलाच भोवळ येते आहे.

आते लूझ पाण्याचा जग घेऊन माझ्याजवळ आली. वाकून पाणी ओतताना मोडक्या हिंदीत म्हणाली, "जेवणातून उठून कुणी प्रवासाला गेलं, तर मागे राहिलेल्यांनी ताट फिरवायचं. म्हणजे वाटेत तिला काही होत नाही. ती निघाली. नीट निघाली. तू पण फिरव."

वाढलेलं पान हलवू नये असं मला शिकवलेलं. मी ताट धरलं. घाईत जवळ्याची चटणी भातात सांडली. फिरवलं, आणि मान वर केली तर अब्बासभाई माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी सगळ्या खाणावळीवरून नजर फिरवली. मारिविकच्या ताटाकडे पाहिलं. मोरीकडे पाहिलं.  गाडी अजून लांब गेली नसणार. त्यांनी मामाला एक फोन लावला असता तर पुरे होतं, मामाचा भाऊ पोलिसात होता.

अब्बासभाई उठले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात आपलं ताट. ते माझ्या टेबलाशी आले आणि समोर बसले. बसल्यामुळे आता दाराकडे त्यांची पाठ झाली.

"ही मंडळी ताटं का फिरवतात, ठाव हाय तुला?"

"नाय," मी म्हटलं.

"मला ठाव हाय." ते भात कालवत होते. "आधीच्या घरात यांच्यातलीच एक बाय होती कामाला. मी सुट्टीवर गावी निघालो, तवा जेवण चालू होतं. सगळ्यांनी फिरवली माझ्यासाठी. मी म्हटलं, हे काय आणि? तवा सांगितलं तिनं." त्यांनी एक घास घेतला, चावला, गिळला. "तीच शेवटची सुट्टी."

  माझं तोंड घास नसताना चावत होतं.

"मोबाइल हाय माझ्या खिशात," ते म्हणाले. "लावू?"

मी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काही म्हणजे काही केलं नाही. मला वाटलं, आता माझ्या तोंडून चुकून जरी काही गेलं तर मारिविकची मुलगी जन्मभर तिला मावशीच म्हणत राहील.

अब्बासभाईंनी खिशाला हात लावला नाही. त्यांनी किल्ली बाजूला सारली, दोन्ही हातांनी आपलं ताट धरलं आणि फिरवलं.

"जेव," ते म्हणाले. "सावकाश जेव."

मी जेवू शकले नाही. मी ओढणी तोंडात कोंबून रडले. आजूबाजूच्या कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"अब्बासभाई, मामा तुमका सोडूची नाय."

"ते मी आणि मामा बघून घेऊ."

"तुमचो पासपोर्ट..."

"बाय, तुझी आई वारली ना, त्या सांजेला मामानं भाजी आणायला धाडलं होतं आपल्याला. गाडीत मागं तू होतीस. परत येताना विमानतळाचा रस्ता लागला. सरळ गेलो असतो तर पोचलो असतो."

"पोचान काय करणार होतो? पासपोर्ट कपाटात."

"तेच म्हटलं मी. तेच म्हणत गाडी वळवली. आरशात बघितलं तर तू त्या रस्त्याकडं बघत होतीस. रडत नव्हतीस. रडली असतीस तर सोपं गेलं असतं मला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "लय दिवस झाले त्याला. पण त्या वळणावर आजपण माझा हात जड होतो."

बऱ्याच वेळानं, मघाशी उठून आत गेलेली आयरीन बाहेर आली. मोरीच्या पडद्याशी उभी राहून चष्मा पुसू लागली. ती माझ्याकडे बघत होती. गाडी परत आली होती. मी नजर खाली वळवली. माझं ठरलं होतं, मी जाणार नव्हते. आता तर नाहीच. या माणसाला एकट्याला त्या दारात कसं पाठवायचं? मी निदान सोबत असेन, सांगेन की मोरीकडे माझं लक्ष नव्हतं, दोष माझा. असंच काहीतरी मी मनात जुळवत होते.

अब्बासभाईंनी एकदा आयरीनकडे पाहिलं, पुन्हा ताट धरलं, आणि पुन्हा फिरवलं.

"एकदा फिरवलात ना तुम्ही?" मी म्हटलं.

"ते तिच्यासाठी."

ते माझ्याकडे बघत नव्हते. ताटातला मासा बघत होते. मी बसून राहिले. हे दुसरं फिरवणं माझ्यासाठी होतं हे कळायला मला वेळ लागला.

"माझ्या ताटात भात आसा," मी म्हटलं. 

"ऱ्हाऊ दे."

"तुम्ही पण चला."

"गाडी मामाच्या नावावर हाय. दारात टाकून गेलो तर उद्या चोर ठरीन. गाडी नेऊन लावतो. मग बघू." मग जरा दरडावून, आपल्या लेकीशी बोलावं तसं म्हणाले, "ऊठ गो. माझं जेवण संपलं की मला तुला शोधायला उठायला लागेल. जेवताना मला काय दिसत नाय."

मी उठले. टेबलाला पोट घासलं. मारिविकच्या भरल्या ताटापाशी माझं अर्धं ताट राहिलं. मी त्यांना नमस्कार केला नाही, आभार मानले नाहीत, कारण त्यांनी मान वर केली नाही आणि मला रडू आवरत नव्हतं. उष्टा हात वर धरून मी वाटेतून चालत गेले. माझ्या दोन्ही बाजूंना ताटं फिरत होती.

अब्बासभाईंना त्यानंतर कितीतरी काळ मामानं गावी सोडलं नाही. त्यांच्या बायकोचं आजारपण ते फोनवर ऐकत राहिले. हे मला फार वर्षांनी दापोलीच्या बाजारात त्यांच्या पुतण्याकडून कळलं, तेव्हा मी भर रस्त्यात खाली बसले.

पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मोरीचा पडदा मागे पडला, आयरीननं माझ्या हातावर पाणी ओतलं आणि मागचं दार उघडलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. गाडीत बसताना मला आतून अब्बासभाईंचा आवाज ऐकू आला. ते आते लूझला हाक मारून सांगत होते, अजून भात आण, पोट भरलं नाही.